आपल्या विद्यार्थ्यांचे आपले संकेतस्थळ

स्मरणिका हाती आली की आपल्यापैकी बहुतेक जण आधी लेख वाचत नाहीत. आधी आपल्या तुकडीचे छायाचित्र शोधतात. शाळेच्या पायऱ्यांवर तीन ओळींत उभी असलेली मुले, पुढे खुर्च्यांवर बसलेले गुरुजन, खाली बारीक अक्षरांत डावीकडून दिलेली नावे. त्या नावांवरून बोट फिरवत आपण एकमेकांना विचारतो, हा आता कुठे असतो? ही पुढे शिकली का? काहींची उत्तरे मिळतात. बऱ्याच चेहऱ्यांपाशी मात्र बोट थांबते आणि सगळे गप्प होतात.

आम्ही या शाळेचे काही माजी विद्यार्थी आहोत. आमच्यातील काही जण आज याच शाळेत आणि तिला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. आमच्या मते, ती गप्प राहण्याची वेळ हाच आपल्या संस्थेपुढचा आजचा खरा प्रश्न आहे. त्यावर एक उपाय सुचवावा, एवढ्यासाठी हा लेख.

एक प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही, कारण तो विद्यार्थी आज चांगला उभा आहे आणि त्याला कोणाची सहानुभूती नको आहे. दौंड तालुक्यातल्या एका वीटभट्टीवर त्याचे आईवडील कामाला होते. दहावी आणि बारावी त्याने आपल्याकडेच वसतिगृहात राहून पूर्ण केली व पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळवला. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहू लागला. ज्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्या निवासासाठी व भोजनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून राज्यात सुरू आहे. ही योजना त्याने ऐकली होती, पण अर्ज कुठे करायचा, कोणते दाखले लागतात, मुदत कधी संपते, हे सांगणारे त्याच्याजवळ कोणी नव्हते. मुदत टळली. दिवाळीनंतर भाडे थकले आणि तो पुन्हा भट्टीवर गेला. एक वर्ष वाया गेले.

पुढच्या १ जानेवारीला पेरणे येथे जयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या गर्दीत त्याला शाळेतला एक जुना विद्यार्थी भेटला. तीन वर्षे पुढे असलेला. बोलता बोलता दोघांनी आपापले पत्ते सांगितले. दोघे एकाच इमारतीत राहत होते, एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक तिसऱ्या. वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याने स्वाधारचा अर्ज दोनदा भरलेला होता आणि सर्व कागदांच्या प्रती त्याच्या ट्रंकेत होत्या. दोघांमध्ये अंतर एका जिन्याचे होते. तरी एकाच्या आयुष्यातील एक वर्ष गेले.

हा प्रसंग ऐकल्यावर आम्हांला वाईट तर वाटलेच, पण त्याहून अधिक अपराधी वाटले. आपली संस्था मुलाला अक्षर देते, अन्न देते, शिस्त देते, वंदना शिकवते. पण फाटकाबाहेर पडताना त्याच्या हाती शाळा सोडल्याच्या दाखल्याखेरीज काही देत नाही. कोणत्या वर्षी कोण कुठे गेले, हे आपल्या कोणत्याही वहीत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्या संस्थेने आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांसाठी एक लहानसे, बंदिस्त, स्वतःच्या मालकीचे सामाजिक संकेतस्थळ उभारावे. आणि ते विद्यार्थ्यांनीच उभारावे.

ही कल्पना ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर हसू येईल हे आम्ही जाणतो. जगभराची माणसे फेसबुकवर असताना शिरूर-दौंडच्या एका निवासी शाळेने स्वतःचे फेसबुक काढायचे? पण ज्यांना हसू येते, त्यांनी फेसबुकचा जन्म कसा झाला ते आठवून पाहावे. तेही आरंभी एकाच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी होते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांना एक पुस्तिका देण्याची रीत होती. तीत प्रत्येकाचे नाव आणि छायाचित्र असे, म्हणजे नवख्यांना एकमेकांची ओळख व्हावी. या पुस्तिकेलाच ‘फेसबुक’ म्हणत. आपल्या हातातील स्मरणिकेचीच ती एक बहीण म्हणा. मार्क झुकरबर्ग या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने ४ फेब्रुवारी २००४ रोजी हीच पुस्तिका संगणकावर आणली. ज्याच्यापाशी हार्वर्डचा ई-मेल पत्ता असेल त्यालाच तीत प्रवेश होता. महिनाभरात तेथील पदवीच्या वर्गांतील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी आपली नावे घातली. त्यानंतर ती ज्या पहिल्या तीन विद्यापीठांत गेली, त्यांत बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठही होते.

मुले एवढ्या विश्वासाने स्वतःची माहिती का देत होती? आमच्या मते याचे कारण कुंपण हे होते. समोरचा माणूस आपल्याच महाविद्यालयाचा आहे, उद्या तो ग्रंथालयात भेटणार आहे, खोटे बोलला तर त्याला तोंड दाखवावे लागणार आहे, ही खात्री त्या कुंपणामुळे होती. सप्टेंबर २००५ मध्ये शाळकरी मुलांना आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरील कोणालाही दार उघडले गेले. त्यानंतर ते गाव राहिले नाही, बाजार झाला. बाजारात वस्तू मिळतात, पण हरवलेले मूल शोधायला माणूस बाजारापेक्षा गावात जातो.

या इतिहासाचे एक काळे पानही आहे आणि ते आपण वाचलेच पाहिजे. फेसबुकच्या आधी काही महिने, २००३ च्या शरद ऋतूत, याच विद्यार्थ्याने ‘फेसमॅश’ नावाचे एक संकेतस्थळ केले होते. वसतिगृहांच्या संगणकांतील विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्याने कोणालाही न विचारता उचलली, दोन-दोन चेहरे शेजारी ठेवले आणि यांतील अधिक आकर्षक कोण, असा कौल मागितला. काही तासांत सुमारे ४५० जणांनी ते पाहिले आणि सुमारे २२ हजार वेळा मते पडली. या अपमानाविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची एक संघटना आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांची एक संघटना होती. संकेतस्थळ बंद झाले, विद्यापीठाच्या शिस्त मंडळापुढे चौकशी झाली आणि त्या संघटनांची क्षमा मागावी लागली. जो समाज शतकानुशतके दुसऱ्यांच्या नजरेने मापला गेला, त्याला अशा खेळातले विष लवकर कळते. आपल्यालाही ते कळायला हवे. ज्या दिवशी आपल्या संकेतस्थळावर एखाद्या मुलीचे छायाचित्र तिला न विचारता लागेल, त्या दिवशी ते बंद केलेले बरे.

दुसरे उदाहरण ऑर्कुटचे. आमच्यातील ज्यांनी २००६ ते २०१० या काळात महाविद्यालयात पाऊल टाकले, त्यांच्या तोंडी तेव्हा हेच नाव होते. ज्या अभियंत्याच्या नावावरून ते ओळखले गेले, त्या ऑर्कुट ब्युक्कोक्तेन यांनी त्याआधी २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘क्लब नेक्सस’ नावाचे संकेतस्थळ उभारले होते. तेही एकाच विद्यापीठापुरते होते आणि त्यात दोन हजारांहून अधिक विद्यार्थी सामील झाले. गूगलचे ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आले, ब्राझील आणि भारतात घरोघरी पोचले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. आमच्या एका तुकडीने त्यावर समूह केला होता. निरोप समारंभाची छायाचित्रे, एका दिवंगत गुरुजींविषयीच्या आठवणी, कोण कोणत्या गावी गेले त्याची यादी, सारे तिथे होते. वेळेत उतरवून घ्यावे हे कोणाला सुचले नाही आणि ते सारे गेले. यात त्या कंपनीचा दोष आम्ही काढत नाही. घर दुसऱ्याचे होते, त्याने मोडले. आपल्या आठवणी भाड्याच्या घरात ठेवल्या ही चूक आपली.

आता कोणी म्हणेल की ही सारी परदेशांतली उदाहरणे झाली. तसे नाही. वसतिगृहातील मुलांनी आपले स्वतःचे व्यासपीठ चालवावे ही परंपरा आपल्या चळवळीत शंभर वर्षांची आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, ते आपले म्हणणे दुसऱ्यांच्या पत्रात छापले जात नाही म्हणून. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने १९२५ च्या आरंभी सोलापूर येथे वसतिगृह काढले आणि विद्यार्थ्यांसाठी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवले. त्या काळी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असताना मासिक कशाला, असे कोणी विचारले असेलच. पण मुलाला जेवणाइतकीच दुसऱ्या मुलाशी बोलण्याची जागा लागते, हे त्या पिढीने ओळखले होते.

पुढे १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले आणि त्याला मिलिंद हे नाव मिळाले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथल्या वसतिगृहांत एकत्र आली, वाचू लागली, एकमेकांचे लिखाण ऐकू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक तिथेच आकाराला आले. त्याच परिसरात डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ १९६०च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. दलित साहित्य नावाचे जे मोठे झाड आज दिसते, त्याची एक रोपवाटिका म्हणजे एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे हे जाळे. तिथे संगणक नव्हता. पण एकमेकांची खबर ठेवणारी माणसे होती आणि त्यांच्या हातात स्वतःचे नियतकालिक होते.

आणि आपल्या दौंड तालुक्याकडेच पाहा. केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळातून वाचलेल्या मुली राहत होत्या. तिथे छापखाना होता आणि त्याचे काम त्या मुलीच करत. त्यांचा मार्ग वेगळा, आपला वेगळा. पण ज्यांना जगाने टाकून दिले होते त्या मुली याच मातीत यंत्र चालवून आपली पुस्तके छापत होत्या, हे आपण विसरू नये. त्या काळी छापखाना हे जेवढे नवे आणि अवघड यंत्र होते, तेवढे आज संकेतस्थळ निश्चितच नाही. फेसबुकची पहिली आवृत्तीही पीएचपी आणि मायएसक्यूएल या कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या साधनांवर उभी होती. ती साधने आजही विनामूल्य आहेत आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकाचे शिक्षण घेत आहेत त्यांना ती येतात.

आता आक्षेपांकडे वळतो. हे आक्षेप आम्हांला शिक्षकांच्या बैठकीत, पालकांच्या सभेत आणि एकदा तर स्वयंपाकघरातल्या मावशींकडूनही ऐकायला मिळाले. प्रत्येकात काही तथ्य आहे.

पहिला आक्षेप असा की व्हॉट्सॲपचे समूह असताना वेगळे काही कशाला? समूह आहेत आणि आम्हीही त्यांत आहोत. पण समूह तुकडीचा असतो. २०१२ च्या तुकडीला २०१९ ची तुकडी माहीत नसते. आमच्या गोष्टीतील ते दोघे आपापल्या तुकडीच्या समूहांत होतेच, तरीही जिना ओलांडला गेला नाही. शिवाय समूहावर सकाळी सुप्रभात, दुपारी वाढदिवस आणि रात्री कोणाचा तरी राजकीय वाद असतो. मार्चमध्ये कोणीतरी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा ते सविस्तर लिहिते, ते ऑगस्टमध्ये शोधू जाता सापडत नाही. समूह चावडीसारखा असतो. तिथे बोलणे होते, पण दप्तर राहत नाही. आपल्याला दप्तर हवे आहे. कोणता विद्यार्थी कोणत्या गावी, कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या कामावर आहे आणि मदत करायला तयार आहे का, एवढे शोधल्यावर सापडले पाहिजे.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे, की आधीच फोनने मुले बिघडली, त्यात शाळाच नवे खूळ देणार का? या काळजीचा आम्ही आदर करतो. मोठ्या कंपन्यांची संकेतस्थळे माणसाचा वेळ खाण्यासाठीच रचलेली असतात, कारण माणूस जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती विकल्या जातात. आपल्या संकेतस्थळाला जाहिराती विकायच्या नाहीत. म्हणून तिथे पसंतीचे आकडे नकोत, न संपणारी सरकती यादी नको, रात्री दहानंतर सूचना नकोत. विद्यार्थ्याने यावे, विचारावे, उत्तर घ्यावे आणि अभ्यासाला जावे. आठवड्यातून दोनदा संगणक कक्षात बसून ते वापरता आले पाहिजे. आपल्या बहुतेक मुलींच्या हाती स्वतःचा फोन नसतो, घरचा फोन वडिलांचा किंवा भावाचा असतो. जे संकेतस्थळ फोनवाचून चालत नाही, ते आपल्या मुलींसाठी नसेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कुंपण घातले की बेट तयार होते, असे काही मित्र म्हणतात. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांनी आता स्वतःच स्वतःभोवती गावकूस बांधावे का? या प्रश्नाने आम्हांलाही बरेच दिवस अडवले. आमचे उत्तर असे आहे. आपल्या शाळेत सर्व जातिधर्मांची मुले शिकतात, ऊसतोडीला बीडहून आलेल्या कुटुंबांची, गुऱ्हाळांवर राबणाऱ्यांची, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांची. कुंपण शाळेचे असेल, जातीचे नाही. नोंदणीच्या तक्त्यात जातीचा रकाना असणार नाही. आणि कुंपण घराला असते ते माणसाने बाहेर जाऊ नये म्हणून नव्हे, तर बाहेरून थकून आल्यावर दार ओळखीचे असावे म्हणून.

बाहेरच्या खुल्या चौकात काय होते हे आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली. एकीने तो लिहिला होता आणि दुसरीने केवळ पसंती दर्शवली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ६६-अ कलमाचा त्यात आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कायदा दुरुस्त झाला, पण त्या मुलींचे ते दिवस परत आले नाहीत. आणि १ जानेवारी २०१८ तर आपल्या उंबऱ्याशीच घडले. कोरेगाव भीमा आपल्याच शिरूर तालुक्यातले. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस आपल्या वसतिगृहाचा दूरध्वनी अखंड वाजत होता. आई विचारत होती, मूल ठीक आहे ना? फोनवरून फिरणाऱ्या चित्रांतील कोणते त्या दिवसाचे, कोणते जुने, कोणते दुसऱ्याच गावचे, हे सांगणारे कोणी नव्हते. चौफुला-न्हावरे रस्ता चालू आहे की बंद, एवढी साधी गोष्टही कोणाला खात्रीने सांगता येत नव्हती. त्या दिवशी आपल्याच माणसांनी आपल्या नावानिशी लिहिलेली चार खरी वाक्ये एका ठिकाणी वाचायला मिळाली असती, तर कितीतरी घरांत चूल वेळेवर पेटली असती.

म्हणून हे संकेतस्थळ कसे असावे याविषयी आम्ही थोडे स्पष्ट लिहितो, कारण चांगल्या हेतूचे वाटोळे बहुधा तपशिलात होते.

प्रवेश दाखल-खारीज नोंदवहीवरून मिळावा. हार्वर्डच्या मुलांपाशी विद्यापीठाचा ई-मेल होता, आपल्या मुलांपाशी शाळेचा नोंदणी क्रमांक आहे. तो आणि जन्मतारीख जुळली, आणि तुकडीतील दोघांनी ओळख पटवली, की दार उघडावे. खोट्या नावाला जागा नको.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांचा कक्ष वेगळा असावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. आपण कायद्याच्याही एक पाऊल पुढे जावे. लहान मुलांना खासगी संदेशाची सोयच नसावी. त्यांचा प्रश्न सर्वांसमोर यावा आणि उत्तरही सर्वांसमोर यावे. कोणीही मोठा माणूस, तो कितीही आदरणीय माजी विद्यार्थी असो, लहान मुलाशी एकान्तात बोलू शकणार नाही अशी रचनाच असावी. विश्वास चांगल्या स्वभावावर ठेवावा, पण संरक्षण मात्र रचनेवर सोपवावे.

गुण, फी-थकबाकी, आजार आणि घरची परिस्थिती यांपैकी काहीही तिथे नसावे. ज्याला आपले नाव काढून घ्यायचे असेल त्याला कारण न विचारता ते काढता यावे. आपल्या मुलांपैकी काही जण शहरात आपली जुनी ओळख लपवून राहतात. ते का, हे आपल्याला सांगायला नको. आपण त्यांना भित्रे म्हणू नये. त्यांच्यासाठी दार उघडे असावे, सक्ती नसावी.

भाषा मराठी असावी. इंग्रजी येत नाही म्हणून जो विद्यार्थी वर्गात गप्प बसतो, तो इथे तरी बोलला पाहिजे.

आणि वागण्याचे नियम? त्यासाठी परदेशी कंपन्यांची पन्नास पानी नियमावली उतरवून घेण्याची गरज नाही. रोज सायंकाळी आपण ज्यांचे स्मरण करतो त्या तथागतांनी सम्यक वाचा चार गोष्टींत सांगितली आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, निरर्थक बडबड करू नये. अफवा, चुगली, शिवीगाळ आणि गोंगाट हेच तर आजच्या समाजमाध्यमांचे चार रोग आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांची नावे घेऊन ठेवली आहेत. देखरेखीसाठी विद्यार्थ्यांचे व माजी विद्यार्थ्यांचे एक मंडळ असावे, त्यात निम्म्या मुली असाव्यात आणि ते दरवर्षी बदलावे. वर्षावासाच्या अखेरीस भिक्षू पवारणा करतात. माझ्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल तर सांगा, असे ते संघाला विनवतात. मंडळानेही आश्विन पौर्णिमेला सर्व सभासदांसमोर असेच उभे राहावे. सत्ता हाती असलेल्याने स्वतःहून दोष विचारणे, याहून चांगली देखरेख आम्हांला माहीत नाही.

मतभेद होतीलच, व्हावेतही. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनांशी वाद करू इच्छितो, तेव्हा नागसेन विचारतात की वाद पंडितांसारखा करणार की राजासारखा? पंडित चूक दाखवली तर मान्य करतात आणि रागावत नाहीत. राजे विरोध करणाऱ्याला दंड करतात. आज प्रत्येकाच्या हातातल्या फोनने प्रत्येकाला छोटा राजा केले आहे. विरोधी बोलला की काढून टाक, दहा जणांना बोलावून तुटून पड. आपल्या मुलांना पंडितांसारखा वाद घालायचा सराव कुठेतरी मिळायला हवा. तो मिळण्याची जागा त्यांची स्वतःची असली तर उत्तम.

या कामाला मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. संकेतस्थळे उत्साहात सुरू होतात आणि तिसऱ्या वर्षी नावाचे नूतनीकरण कोणी केले नाही म्हणून मरतात. ज्या मुलाने ते बांधले तो नोकरीला लागतो आणि किल्ली त्याच्याच खिशात राहते. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे असावी, किल्ल्या तिघांकडे असाव्यात, खर्चाची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात असावी आणि वर्षातून एकदा सारी नावनिशी कागदावर छापून ग्रंथालयात ठेवावी. ऑर्कुट गेले, पण १९२० चा ‘मूकनायक’ आजही वाचता येतो. कागद कमी बोलतो, पण जास्त टिकतो.

आणखी एक. संकेतस्थळ कोणाच्या घरी जाऊन बसत नाही. वडील वारल्यावर शाळा सोडू पाहणाऱ्या मुलीच्या घरी शिक्षकालाच जावे लागेल, आजवर गेले तसे. आम्ही मागतो आहोत ते या भेटीच्या जागी काही नव्हे. कोणाच्या घरी जायची वेळ आली आहे, हे आपल्याला उशिरा कळू नये, एवढेच मागतो आहोत.

आनंदाने एकदा तथागतांना म्हटले की कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवनच. तथागतांनी त्याला थांबवले आणि सांगितले की अर्धे नव्हे, ते संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे. ज्या शाळेच्या भिंतीवर हे वचन आपण वाचत मोठे झालो, त्या शाळेचे विद्यार्थी एका जिन्याच्या अंतरावर राहूनही एकमेकांना अनोळखी राहावेत, हे आपल्याला शोभत नाही.

आमची विनंती साधी आहे. ही स्मरणिका वाचून बाजूला ठेवण्याआधी आपल्या तुकडीचे छायाचित्र पुन्हा उघडा. ज्या पाच जणांचा ठावठिकाणा तुम्हांला माहीत आहे त्यांची नावे, गावे आणि ते काय करतात हे त्यांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद शाळेच्या कार्यालयात पोचवा. संगणकाचे काम पुढचे आहे, ते आपली मुले करतील. आरंभ मात्र त्या कागदापासून व्हायचा आहे. प्रत्येकाने पाच नावे दिली तरी छायाचित्रांवरून फिरणारे आपले बोट पुढच्या स्मरणिकेच्या वेळी इतक्या ठिकाणी थांबणार नाही.